रोबो घ्यायचा की नाही, हे आधी फरशीला विचारा

पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, 6 वर्षांचा मुलगा, त्याला धुळीची अॅलर्जी, आणि 74 वर्षांच्या सासूबाई. केर-फरशीला नऊ वर्षांपासून एक मावशी येतात. अलीकडे त्यांचे गुडघे दुखतात, महिन्यातून चार-पाच खाडे होतात आणि त्या दिवशी डबे, शाळेची बस आणि केर अशी सगळी ओढाताण ताईंच्या वाट्याला येते. यजमानांनी उपाय शोधला आहे: केर काढणारा, फरशी पुसणारा, स्वतःची पुसायची फडकी स्वतः धुणारा रोबो. किंमत 60 हजारांच्या आसपास. ‘मावशींचे महिन्याचे दोन हजार वाचले की अडीच वर्षांत वसूल,’ असा त्यांचा हिशोब. सासूबाईंचं म्हणणं, यंत्राला कोपरे निघायचे नाहीत आणि ते पायात येईल. ताई विचारतात: एवढी महागाची वस्तू घ्यावी का, घेतली तर कोणती, हे पास्कल म्हणजे काय, मावशींना काय सांगायचं आणि दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं का?

ताई,

आधी माझं मत सांगून टाकते, कारणं मग. रोबो घ्या, तुमच्या घरात तो उपयोगी पडेल. पण 60 हजारांचा नको, आणि मावशींच्या जागी तर मुळीच नको.

यजमानांच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे मावशी जे करतात तेच रोबो करणार. एखाद्या सकाळी मावशी काय काय करतात ते नीट बघा. खुर्च्या बाजूला सारतात. सोफ्याखाली गेलेला मुलाचा मोजा काढून ठेवतात. गॅलरीच्या सरकत्या दाराच्या खाचेतली माती कुंच्याच्या टोकाने उकरतात. ओट्याखाली तेलाचा थेंब दिसला की तिथे दोनदा हात फिरवतात. यातलं एकही काम रोबो करणार नाही. तो मोकळ्या फरशीवरची धूळ, केस, पोळीचा चुरा, लसणाची सालं उचलतो. तेवढंच, पण रोज. पलंगाखालीही रोज, आणि ही गोष्ट लहान नाही. झाडूने धूळ निम्मी गोळा होते आणि निम्मी हवेत उडते. यंत्र ती आत ओढून फिल्टरमागे अडकवतं. अॅलर्जी असलेला मुलगा ज्या पलंगावर झोपतो त्याखालची धूळ रोज निघाली, तर त्याला आराम पडायची शक्यता आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यामुळे बंद करायचं नाही, हे सांगायला नकोच.

आता यंत्र बाजूला ठेवा आणि घराकडे बघा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून साडेदहा सेंटिमीटर उंचीची पट्टी कापा आणि ती उभी धरून दिवाण, सोफा, टीव्हीचं कपाट, चपलांचं स्टँड या सगळ्यांखालून फिरवा. लेझरवर चालणाऱ्या बहुतेक रोबोंच्या डोक्यावर एक छोटा गोल मनोरा असतो, त्यासकट उंची दहा सेंटिमीटरच्या आसपास जाते. पट्टी जिथे अडेल तिथे रोबोही अडेल. काही ठिकाणी तर तो अर्धवट शिरून अडकून बसेल आणि तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना मोबाईलवर ‘मला सोडवा’ असा निरोप पाठवेल. सोफ्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून उंची वाढवता येते. सुताराचं तासाभराचं काम आहे.

मग उंबरे बघा. साधारण दोन सेंटिमीटरचा उंबरा बहुतेक रोबो चढतात, त्याहून उंच असेल तर ती खोली त्यांच्यासाठी बंद. बाथरूमची फरशी खाली असते त्याची काळजी नको, पुढे खळगा आहे हे ओळखणारे सेन्सर पोटाखाली असतात. मात्र ते प्रकाश परत येतो का, यावर चालतात. आपल्याकडे दोन खोल्यांच्या मध्ये काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसवायची पद्धत आहे. काळा दगड तो प्रकाश गिळतो, आणि काही रोबो तिथे दरी आहे असं समजून मागे फिरतात. सगळेच फिरतात असं नाही. पण तुमच्याकडे अशी पट्टी असेल तर त्याच मॉडेलचा रोबो वापरणाऱ्या कुणाला तरी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. जमिनीपर्यंतचे आरसे असलेली कपाटंही लेझरला चकवतात. त्याला पलीकडे आणखी एक खोली दिसते. अशा वेळी मोबाईलमधल्या नकाशावर त्या भिंतीपुढे रेघ मारून ठेवावी लागते.

प्लग कुठे आहे, हा प्रश्न फार कमी लोक आधी विचारतात. रोबोचा तळ, म्हणजे तो चार्ज व्हायला जिथे परत येतो ते ठाणं, जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवायचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर आणि समोर दीडेक मीटर मोकळी जागा लागते, नाहीतर रोबोला परतीची वाट सापडत नाही. आपल्या हॉलमधले बोर्ड बहुधा कंबरेच्या उंचीवर असतात. म्हणजे भिंतीवरून वायर लोंबणार, आणि सासूबाईंच्या घरात लोंबती वायर नको. टीव्हीमागचा खालचा बोर्ड रिकामा असेल तर उत्तम, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून एक खालचा प्लग काढून घ्या.

हे सगळं पाहून झाल्यावर निम्म्याहून अधिक फरशी सामानाने अडलेली आहे असं दिसलं, तर रोबो घेऊच नका. बिनवायरचा हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर आणि पिळायच्या बादलीचा दांड्याचा मॉप, एवढ्यात तुमचं काम बरंच कमी पैशांत होईल. दाटीच्या घरात राहणाऱ्या इतर वाचकांनाही मी हेच सांगेन.

पास्कलबद्दल. पास्कल हे दाबाचं एकक आहे, रोबो धूळ किती जोराने ओढतो ते जाहिरातीत त्यात सांगतात. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा दाब साधारण 1,01,325 पास्कल असतो, त्यावरून 10,000 पास्कल म्हणजे किती याचा अंदाज येईल. जाहिरातीतला आकडा यंत्र पूर्ण जोरावर असतानाचा असतो. घरात यंत्र त्या जोरावर रोज चालवलं तर आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते. जाड गालिचातली धूळ ओढायला तो जोर लागतो. तुमच्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, तिथे तीन-चार हजार पास्कल पुरतात. धूळ ब्रशने तोंडाशी येते का, हवा पुरेशी वाहते का, यावर काम जास्त ठरतं. उलट, बाजूचा तीन पात्यांचा ब्रश फार जोरात फिरला तर सांडलेले तांदूळ उचलले जाण्याऐवजी खोलीभर उडतात. त्या ब्रशचा वेग कमी करायची सोय आहे का, हे विचारा. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

पास्कलपेक्षा मी दिशा ओळखण्याच्या पद्धतीला जास्त महत्त्व देईन. सगळ्यात स्वस्त रोबो अंदाजाने फिरतात, आपटतात, वळतात, आणि एकच कोपरा पुन्हा पुन्हा झाडत बसतात. ते घेऊ नका. लेझरचा रोबो खोलीचा नकाशा काढतो, ओळीने पट्टे मारत जातो आणि अंधारातही तसाच चालतो. नकाशा असला की देवघरासमोरची रांगोळीची जागा त्याच्यासाठी बंद करता येते. हे करायलाच हवं. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड, ती फिल्टरमध्ये जाऊन बसली की ओढ मंदावते. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या रोबोंना उजेड लागतो, शिवाय घरात फिरता कॅमेरा येतो. 2022 मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने एका प्रसिद्ध कंपनीच्या चाचणीतल्या रोबोंनी घरांमध्ये टिपलेली खासगी छायाचित्रं समाजमाध्यमावरच्या गटांत पोहोचल्याचं उघड केलं होतं. त्यात शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचंही चित्र होतं. मूल आणि वृद्ध व्यक्ती असलेल्या घरात मी बिनकॅमेऱ्याचा लेझर रोबोच सुचवेन. वायरी आणि मोजे त्याला नीट ओळखता येत नाहीत, ते आधी उचलावे लागतील.

फरशी पुसण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. साध्या रोबोला मागे एक ओलं फडकं लावलेलं असतं, ते तो ओढत नेतो. त्याची टाकी दोन-तीनशे मिलिलिटरची असते. त्याहून महागात दोन गोल फडकी फिरतात. अगदी नव्या प्रकारात ओला रोलर असतो आणि तो फिरता फिरताच धुतला जातो. तिन्हींनी केर काढल्यानंतर राहिलेली बारीक धूळ पुसली जाते, पाय फरशीवर गुळगुळीत लागतात. पण चहाचा वाळलेला डाग, वरणाचा सुकलेला शिंतोडा यांना मावशी हाताचा जोर देऊन घासतात, तो जोर यंत्रात नसतो. रोलरवाला जरा बरं काम करतो, इतकंच. स्वयंपाकघरात पोळ्या झाल्यावर खाली पीठ सांडलेलं असतं. त्यावर रोबोचं ओलं फडकं फिरलं की त्याची खळ होते आणि ती टाइल्सच्या सांध्यांत जाऊन बसते. म्हणून स्वयंपाकघर आधी कोरडंच झाडून घ्यायचं, आणि फडकं लावायचं ते नंतर.

टाकीत फिनेल घालू नका. आतले पंप आणि रबरी नळ्या त्याने खराब होतात, आणि बहुतेक कंपन्या स्वतःच्या द्रावणाशिवाय दुसरं काही घातलं तर वॉरंटी नाकारतात. साधं नळाचं पाणी पुरतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते भरू नका, त्यातले क्षार टाकीच्या बारीक छिद्रांत साचतात आणि गडद फरशीवर पांढरे पट्टे दिसतात. काम झाल्यावर फडकं काढून धुऊन वाळत घालायचं. पावसाळ्यात हे एक दिवस जरी राहिलं तरी दुसऱ्या दिवशी रोबो कुबट वास घरभर पुसत फिरतो.

यजमानांना 60 हजारांचं मॉडेल आवडलं ते याच कटकटीसाठी, हे मला समजतं. त्याचा तळ फडकी धुतो, गरम हवेने वाळवतो. पण त्याला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची. स्वच्छ टाकी कुणीतरी भरायची, घाण टाकी कुणीतरी ओतायची. घाण पाणी दोन दिवस तसंच राहिलं तर टाकी उघडताना नाक धरावं लागतं, आणि तळाच्या ताटलीत बुळबुळीत गाळ साचतो तो जुन्या टूथब्रशने घासून काढावा लागतो. दोन बेडरूमच्या घरात त्यासाठी एवढे जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

धूळ आपोआप पिशवीत ओढून घेणारा साधा तळ मात्र तुमच्यासाठी घ्यावा असं मी म्हणेन. मुलाची अॅलर्जी हे त्याचं कारण. रोबोचा छोटा डबा रोज कचऱ्याच्या डब्यात उपडा करताना धुळीचा लोट उठतो. पिशवीचा तळ असला की तीन लिटरच्या आसपासची बंद पिशवी काही आठवड्यांनी काढून टाकायची, धूळ बाहेर येतच नाही. कंपन्या दोन महिने पिशवी पुरेल म्हणतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर इतकी पुरणार नाही. रिकामा होताना हा तळ काही सेकंद मोठ्याने घोंघावतो, तेव्हा मुलाच्या झोपेची वेळ टाळा.

लेझर, नकाशा, पिशवीचा तळ आणि साधं पुसणं, एवढं साधारण 25 ते 40 हजारांत बसतं. दर सारखे बदलतात, तेव्हा आकडा अंदाज म्हणूनच धरा. त्यावर दर वर्षी पिशव्या, फिल्टर, ब्रश, फडकी यांचे दोन-चार हजार बाजूला काढा. विजेची चिंता करू नका. 14.4 व्होल्टची 5,200 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रोज पूर्ण संपवली तरी महिन्याला सव्वादोन युनिट होतात, चार्जरची गळती धरून तीन समजा. खरी चौकशी करायची ती दुरुस्तीची. तुमच्या शहरात सेवा केंद्र आहे का, बॅटरीची वॉरंटी किती, आणि बाजूचा ब्रश व फिल्टर वेगळे विकत मिळतात का? हे तीन प्रश्न फोन करून विचारा. फोन उचलायलाच कुणी नसेल तर ते मॉडेल यादीतून काढून टाका, कितीही चांगलं असलं तरी.

आता जी गोष्ट तुम्ही पत्रात विचारली नाहीत ती मी विचारते. खाड्याच्या दिवशी केर तुमच्याच वाट्याला का येतो? रोबो आल्यावरही काम उरतंच, फक्त त्याचं रूप बदलतं. रात्री फरशीवरची खेळणी उचलायची, चार्जरच्या वायरी वर घ्यायच्या, फडकं धुवायचं, आठवड्यातून एकदा रोबो उलटा करून मुख्य ब्रशला गुंडाळलेले केस छोट्या कात्रीने कापून काढायचे. केस ब्रशच्या दोन्ही टोकांच्या टोपणांखाली जातात, ती टोपणं ओढून काढली की आत केसांची घट्ट अंगठी सापडते. ती नाही काढली तर ब्रश जड फिरू लागतो. ही सगळी कामं न बोलता तुमच्याकडेच येणार असतील, तर 60 हजार देऊन तुमच्या सकाळीत काडीचा फरक पडणार नाही. यंत्र यजमानांनी निवडलं आहे, त्याची निगाही त्यांच्याकडे असू द्या. हे खरेदीच्या आधी ठरवा, शांतपणे, चहाच्या वेळी. खेळणी उचलणं मुलाकडे. सहा वर्षांच्या मुलाला ‘रोबोला वाट करून दे’ हे काम फार आवडेल.

सासूबाई कोपऱ्यांबद्दल बोलल्या ते अगदी बरोबर आहे. गोल यंत्र काटकोनात शिरत नाही, बाजूच्या ब्रशने थोडं निघतं, बाकी तसंच राहतं. पायात येण्याची त्यांची भीतीही खरी आहे. या वयात पडणं परवडत नाही. म्हणून रोबोची वेळ घराच्या सोयीने न ठरवता त्यांच्या सोयीने ठरवा. त्या सकाळी गॅलरीत पेपर वाचत बसतात, किंवा दुपारी खोलीचं दार लावून पडतात, तेव्हा तो बाहेर चालवा. ओलं पुसणं त्या उठायच्या किमान अर्धा तास आधी संपलं पाहिजे. आणि रोबोवरचं थांबवायचं बटण त्यांना हात धरून दाखवा, मोबाईलवर नको. बटणावर लाल टिकलीचा एक स्टिकर लावलात तर चष्मा नसतानाही त्यांना ते सापडेल. त्याला हवं तेव्हा गप्प करता येतं हे कळलं की त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

मावशींबद्दल. तुम्ही खाडे मोजलेत, महिन्याला चार-पाच. मावशींना आठवड्याची ठरलेली सुट्टी आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. ती नसेल तर हे चार-पाच खाडे म्हणजे त्यांची रविवारची सुट्टीच आहे, फक्त ती कुठल्या दिवशी येईल हे तुम्हाला आधी कळत नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीइतकीच पगारी सुट्टीची मागणी तेव्हाही होती. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. मावशींची तिथे नोंदणी नसेल तर कागदपत्रं गोळा करायला मदत करा, तुमच्या एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे.

मला सुचतं ते असं. रविवार त्यांची पगारी सुट्टी म्हणून ठरवा. रोजचा केर रोबो काढेल, मावशींनी उकिडवं बसून पुसणं आजपासून बंद करा आणि दांड्याचा मॉप आणा. तो आणायला रोबोची वाट पाहायची गरज नाही, त्यांचे गुडघे आजच दुखत आहेत. त्यांच्याकडे कोपरे, स्वयंपाकघर, बाथरूमबाहेरची जागा, गॅलरी आणि आठवड्यातून दोनदा फिनेलने नीट फरशी, एवढं राहू दे. पगार तोच. काम कमी झालं म्हणून पैसे कमी, असा हिशोब नऊ वर्षं घरात वावरलेल्या माणसाशी करू नका. आणि हे त्यांना यंत्र घरात यायच्या आधी सांगा. दार उघडल्यावर कोपऱ्यात रोबो दिसला आणि तोवर कुणी काही बोललंच नसेल, तर त्या काय समजतील हे तुम्हाला कळतंच. यजमानांचा ‘अडीच वर्षांत वसूल’ हा हिशोब यात बसत नाही, हे मान्य आहे. पण मुलाचा श्वास, मावशींचे गुडघे आणि तुमच्या सकाळी हे त्या हिशोबात कुठल्या रकान्यात मांडले होते, ते त्यांना प्रेमाने विचारा.

शेवटचा प्रश्न सेलचा. थांबा. या वस्तूंवर दिवाळीत सूट मिळते, आणि मधल्या काळात पुठ्ठ्याची पट्टी, खालचा प्लग, सुतार, मावशींशी बोलणं एवढं उरकून घेता येईल. ऑनलाइन घेताना ‘परत घेऊ’ असं लिहिलंय की फक्त ‘बदलून देऊ’, हे आधी वाचा, दोन्हींत फार फरक असतो. पेटी आणि बिल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. तुमच्या वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे का तेही बघून ठेवा, बऱ्याच रोबोंना 5 चा चालत नाही आणि पहिला दिवस त्याच गोंधळात जातो. मात्र दिवाळीच्या ऐन धामधुमीत तो सुरू करू नका. दारात रांगोळी, घरभर पाहुणे, कपाटं ओढलेली, अशा घराचा त्याने काढलेला नकाशा नंतर पुसूनच टाकावा लागेल. भाऊबीज उरकली, सामान जागच्या जागी गेलं की मग पेटी उघडा.